खाव मन काय

थाई भाषेत ‘खाव’ म्हणजे भात, ‘मन’ म्हणजे चरबी किंवा तेलकटपणा आणि ‘काय’ म्हणजे कोंबडी. तिन्ही शब्द मराठी कानाला इतके घरचे वाटतात की बँकॉकच्या कार्यालयातील माझ्या सहकारिणीने दुपारच्या जेवणाच्या वेळी ते पहिल्यांदा उच्चारले, तेव्हा मला त्यांचा अर्थ लागेना. मग तिने ते कागदावर लिहून, एकेका शब्दाखाली रेघ ओढून समजावून सांगितले. चरबीत परतलेला भात आणि कोंबडी, एवढाच त्या नावाचा अर्थ. कामानिमित्त मी त्या शहरात दोन महिने राहिले आणि त्या दोन महिन्यांत आठवड्यातून तीन-चार वेळा तरी हेच जेवले. पदार्थ मला आवडला असे म्हणणे खरे असले तरी अपुरे आहे. जो भात मी दात आल्यापासून खात आले होते, त्याच्याकडे नीट बघायला मला त्या ताटलीने लावले.

माझा मुक्काम प्रातूनाम भागात होता. ‘प्रातू’ म्हणजे दार आणि ‘नाम’ म्हणजे पाणी. मराठीत पाणदरवाजा म्हणावे असे हे नाव तिथल्या कालव्याच्या जलकपाटावरून पडले आहे. सॅन सॅप नावाचा हा कालवा थायलंडचा राजा तिसरा राम याच्या कारकिर्दीत, १८३७ ते १८४० या काळात खोदला गेला आणि आजही त्यातून प्रवासी होड्या भरधाव जातात. मी रोज अशाच होडीने कामावर जात असे. काळे पाणी अंगावर उडू नये म्हणून काठाला बसलेल्यांनी दोरी ओढून ताडपत्रीचा पडदा वर धरायचा आणि डोक्यावर शिरस्त्राण घातलेल्या तिकीटवालीने होडीच्या बाहेरच्या कडेवरून, एका हाताने दोर पकडून, चालत येऊन पैसे घ्यायचे, हा तिथला रिवाज. प्रातूनाम ज्या विभागात मोडते त्याचे नाव राचातेवी, म्हणजे आपली राजदेवी. समोरचा हमरस्ता फेचबुरी, म्हणजे वज्रपुरी. खाणावळीच्या पाटीवर ‘आहान’ लिहिलेले असते तो आपला आहार, आणि चव विचारताना जो ‘रोत’ म्हणतात तो आपला रस. ‘थम्मदा की फिसेत?’ असे ताटली मागताना विचारतात. त्यातला ‘थम्मदा’ हा संस्कृत ‘धर्मता’वरून आलेला, म्हणजे नेहमीसारखी, आणि ‘फिसेत’ म्हणजे चक्क विशेष, थोडी जास्त कोंबडी घातलेली. परक्या गावात, एकटीने जेवायला बसलेल्या बाईला अशा शब्दांचा केवढा आधार वाटतो, हे अनुभवल्याशिवाय कळणार नाही.

फेचबुरी रस्त्यावर तिसाव्या सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी को आंग हे प्रसिद्ध दुकान आहे. १९६० सालापासून ते चालू आहे, तिथले सगळे कामगार गुलाबी सदरे घालतात आणि मिशलिन मार्गदर्शिकेच्या बिब गुरमाँ यादीत, म्हणजे माफक दरात उत्तम जेवण देणाऱ्या ठिकाणांच्या यादीत, त्याचे नाव आहे. थोड्याच अंतरावर हिरव्या सदऱ्यांचे दुसरे, त्याहूनही जुने म्हणवणारे दुकान आहे, आणि गुलाबी चांगले की हिरवे यावर बँकॉककर मनापासून वाद घालतात. मी आधी गुलाबीत गेले. पदपथावर रांग होती, पण ती झपाट्याने पुढे सरकत होती, कारण आत यादी वाचण्यात कोणाचा वेळ जात नव्हता. जे दुकान मुख्यतः एकच पदार्थ देते, तिथे गिऱ्हाईक काय खायचे ते घरूनच ठरवून आलेले असते.

त्याच दुकानात माझ्या मेजावर एक मराठी जोडपे येऊन बसले. सहलीबरोबर आलेले, साधारण साठीचे, नाशिकचे. प्रातूनामचा कापडबाजार भारतीय खरेदीदारांनी नेहमीच गजबजलेला असतो, त्यामुळे तिथे मराठी कानावर पडणे नवलाचे नाही. काकांना कोंबडी हवी होती. काकू शाकाहारी होत्या आणि त्यांनी बोटाने भाताच्या मुदीकडे दाखवून फक्त भात मागितला होता.

“काकू, तो भात तुम्हाला नाही चालायचा,” मी म्हणाले. “तो कोंबडीच्याच पाण्यात शिजवलेला असतो. त्याआधी तांदूळ कोंबडीच्या चरबीत परततात.”

काकू काही क्षण त्या मुदीकडे बघत राहिल्या. “अगं, पण दिसतोय तर नुसता भात,” त्या म्हणाल्या. मग हळूच वास घेऊन त्यांनी ताटली काकांकडे सरकवली. “बरं झालं बाई सांगितलंस.”

मी त्यांना मागच्या रस्त्यावरच्या भारतीय उपाहारगृहाचा पत्ता दिला. थाई भाषेत शाकाहाराला ‘मांगसाविरात’ म्हणतात, म्हणजे मांसविरती, हेही सांगितले. पुढच्या प्रवासात तो शब्द त्यांच्या उपयोगी पडेल असे मला वाटले. पण त्यांचे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. दिसतोय तर नुसता भात. त्या पदार्थाचे सारे कसब त्या ‘नुसता’ शब्दाच्या आड लपलेले आहे, आणि काकूंनी ते एक घासही न खाता अचूक टिपले होते.

पुढे मी ज्या दुकानाची झाले ते मात्र या दोहोंपैकी कोणतेच नव्हते. माझ्या मुक्कामाच्या गल्लीत, धोब्याच्या दुकानाशेजारी, सहा मेजांची एक जागा होती. लोखंडी पत्र्याची मेजे, पाठ नसलेली निळी प्लास्टिकची आसने, भिंतीवर राजाचे छायाचित्र, आणि दाराशी पितरांच्या नि वास्तुदेवतेच्या देव्हाऱ्यापुढे तांबड्या सरबताची नळी घातलेली बाटली. कुटलेल्या बर्फाचा डबा कोपऱ्यात. पेला भरून पाणी आपले आपण घ्यायचे. ताटलीला तिथल्या चलनात ५० बाट पडत. दुकान चालवणारी बाई पासष्टीच्या पुढची होती. आपल्या आईवडिलांपेक्षा थोराड वाटणाऱ्या बाईला थाई माणसे ‘पा’ म्हणतात. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो, तसेच ते. ती मला ‘नोंग’ म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. नाव विचारण्याची गरज दोघींनाही पडली नाही.

पाच्या दुकानातल्या पहिल्या जेवणात माझ्याकडून एक चूक झाली. ताटलीबरोबर एका वाटीत गडद तपकिरी पातळ चटणी येते. आंबवलेल्या सोयाबीनचा तावचियाव, बारीक चिरलेले आले, लसूण, हिरव्या-लाल तिखट मिरच्या, शिरका, थोडी साखर आणि काळा सोया सॉस असे तिचे घटक. मी कोकणातली, आमच्याकडे भात हा रस्सा कालवण्यासाठी असतो. मी ती सगळी वाटी मुदीवर ओतली आणि चमच्याने कालवू लागले. पा मांस चिरायच्या ठोकळ्यामागून हात पुसत आली, माझ्यापुढची ताटली उचलून घेऊन गेली आणि नवी आणली. मग माझ्याच चमच्यात तिने आधी नुसता भात घेतला आणि तो चमचा माझ्या हातात देऊन मी खाईपर्यंत तिथेच उभी राहिली. त्यानंतर दुसऱ्या घासासाठी मांसाचा एक तुकडा घेऊन त्यावर चटणीचे चारच थेंब टाकले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या पोराला घास कसा घ्यायचा ते दाखवावे, तसे तिने दाखवले.

तो नुसत्या भाताचा घास मला अजून आठवतो. दाणा न् दाणा सुटा, पण कोरडा नाही. जिभेवर पसरणारा एक मंद ओलावा आणि त्यात कोंबडी, आले, लसूण यांची चव इतकी मुरलेली की कुठला स्वाद कुठे सुरू होतो ते सांगता येऊ नये. वर दिसायला पांढरटच, फार तर हस्तिदंती. त्याच्या शेजारचे मांसही तितकेच निस्तेज, उकडलेले, मसाल्याचा डागही न लागलेले. आपल्या जेवणात रंग हा चवीचा जामीन असतो. लाल तर्री दिसली की जीभ तयार होते. इथे डोळ्यांना काहीच आश्वासन मिळत नाही, आणि म्हणूनच पहिला घास घेताना सारे लक्ष तोंडात एकवटते.

हे कसे होते ते बघायची मला ओढ लागली. पाचा भाचा एका हॉटेलात काम करायचा आणि त्याला इंग्रजी चांगले येत असे. त्याच्यामार्फत विचारून मी दोन रविवार पहाटे साडेचारला तिच्या दुकानात जाऊन बसले. कोंबड्यांना मीठ चोळून धुऊन घेतात, तेव्हा आतली पिवळी चरबी वेगळी काढून ठेवतात. मोठ्या टोपात पाण्याला आधण आले की पा कोंबडीला मानेशी धरून तीन-चार वेळा पाण्यात बुडवून बाहेर काढायची, म्हणजे पोकळीतले गार पाणी निघून जाऊन तिथे गरम पाणी भरते आणि आतबाहेर सारखीच शिजते. त्यानंतर आच इतकी कमी करायची की पाणी नुसते हलत राहावे. पाणी खदखदले की मांस दोऱ्यासारखे होते, असे ती दर थोड्या वेळाने सांगत होती. पाऊण तासाने कोंबडी निघाली की थेट गार पाण्यात. त्याने कातडी ताठ होते आणि कातडी व मांस यांच्यामध्ये जो रस असतो त्याची पातळ साय धरते. त्या सायीला ती बोट लावून बघत असे. साय नीट धरलेली नसेल त्या कोंबडीला पुढे चिरून ती कोहळ्याच्या पातेल्यात घालायची, ताटलीवर येऊ द्यायची नाही.

खरा वेळ मात्र भाताला दिला जाई. चरबी मंद आचेवर वितळवायची, तिच्यात ठेचलेले आले-लसूण सोडायचे, धुऊन निथळलेला तांदूळ त्यात परतायचा. पा तो उलथण्याने ढवळायची नाही, तळापासून उचलून उचलून परतायची. दाणा मोडू नये म्हणून. दाण्यांना पारदर्शक कडा दिसू लागली की कोंबडीचे तेच पाणी मोजून घालायचे, वर हिरव्या लांबट पानांची एक गाठ मारून टाकायची आणि झाकण लावायचे. त्या पानांना थाईत ‘तोय’ म्हणतात. वास येताच मी ती ओळखली. भाताला बासमतीचा वास देणारी हीच पाने आमच्या परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली असत. थायलंडचा ‘होम मली’ तांदूळ, आपला आंबेमोहोर आणि ती पाने, या तिन्हींचा सुगंध एकाच द्रव्यामुळे येतो. ‘मली’ म्हणजे मोगऱ्यासारखे फूल, आपल्या मल्लिकेचीच बहीण.

आणि मग तिने तांदळाची दोन पोती दाखवली. एक यंदाचे, एक जुने. नव्या तांदळाला सुवास असतो पण तो पाणी पीत नाही, चिकटतो, गिच्च होतो. जुना वासाला कमी, पण फुलतो, सुटा राहतो आणि मुख्य म्हणजे घातलेला रस्सा सगळा पोटात घेतो. म्हणून दोन्ही मिसळायचे. किती प्रमाणात, ते पोते हाताळून रोज ठरवायचे, कारण पावसाळ्यात जुना तांदूळही ओल धरतो. भाचा हे भाषांतर करून सांगत असताना मी पाच्या मुठीकडे बघत होते. तिने तांदूळ मुठीत घेतला, अंगठ्याने चार दाणे तर्जनीवर घोळवले आणि एक दाणा दाताखाली धरून मोडला.

हे मी पाहिलेले होते. राजापूरजवळच्या आमच्या घरी माजघरात दोन कणग्या असत. आजी त्यातली एक दुसरा पावसाळा उलटल्याशिवाय उघडू देत नसे. नवा तांदूळ पेजेला आणि घावनांना, जुना पानातल्या भाताला, असा तिचा नियम होता, आणि वैलावर भात चढवण्याआधी ती असाच एक दाणा दाताखाली मोडायची. त्या आवाजावरून पाणी किती घालायचे ते तिला कळायचे. भात वेळून काढलेले पाणी ती कधी टाकत नसे. मीठ घालून ते घरातल्या लहान-थोरांना वाटीवाटीने मिळे. आम्हा मुलांचे लक्ष असे सागोतीकडे आणि वड्यांकडे. गावठी कोंबडी, भाजक्या खोबऱ्याचे वाटप, घरभर सुटलेला घमघमाट. त्या थाटात भात पानाच्या कडेला कोणाचे लक्ष न वेधता बसलेला असायचा. आजीला त्या भातावर कोणी कधी दाद दिल्याचे मला आठवत नाही. मीही दिली नाही. बिघडला असता तर मात्र लगेच कळले असते, इतका तो रोज बरोबर असायचा.

पाचे आजोबा हायनान बेटावरून आले होते. हा पदार्थही तिथलाच. त्या बेटावरच्या वेनचांग गावच्या कोंबड्या नावाजलेल्या आहेत. तिथून दक्षिणेला आलेल्या स्थलांतरितांनी तो सिंगापूर, मलाया आणि सयाममध्ये नेला. सिंगापुरात चटणी लाल मिरची आणि लिंबाची झाली, मलाक्कात भाताचे लाडूसारखे गोळे वळू लागले, बँकॉकमध्ये तावचियाव आला. मूळ भात मात्र सगळीकडे त्याच रीतीने शिजतो. स्थलांतरित माणसाजवळ एक कोंबडी असेल तर तिच्यात दहा माणसांचे पोट भरले पाहिजे, या गरजेतून ही रीत आली असावी असे मला वाटते. मांस प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येणार. पण चव भातात उतरवली तर प्रत्येकाला पोटभर कोंबडी मिळाल्याचे समाधान लाभते. चरबी भातात, पाणी भातात आणि उरलेल्या पाण्यात कोहळ्याच्या फोडी घालून त्याचे सार, रक्त गोठवून त्याचे चौकोनी तुकडे, ज्याला आपण रक्ती म्हणतो, ते ताटलीच्या कडेला. टाकायला हाडेच काय ती राहतात, आणि ती पुन्हा टोपात जातात.

साडेदहाच्या सुमारास गर्दी सुरू झाली की पाचे हात बघण्यासारखे असत. काचेमागे आकड्यांना कोंबड्या टांगलेल्या. पुढ्यात चिंचेच्या लाकडाचा गोल ठोकळा, वर्षानुवर्षांच्या घावांनी मधोमध वाटीसारखा खोलगट झालेला. एक मांडी घेतली की ती अंगठा आत सरकवून हाड अखंड बाहेर काढायची, मांस तळव्याने एकदा दाबायची, आणि रुंद पात्याचा सुरा सात-आठ वेळा पडायचा. आवाज मोठा नसे, एकाच लयीचा असे. मग त्याच पात्यावर सगळे काप उचलून, एकही न हलता, कातडी वर ठेवून ते भाताच्या मुदीवर उतरायचे. काकडीच्या तीन चकत्या, कोथिंबिरीची एक काडी. शेजारी साराची वाटी, वर मिरीची चिमूट. हे सगळे अर्ध्या मिनिटात. गिऱ्हाईक मोटारसायकलवाला असो की गळ्यात बँकेचे ओळखपत्र अडकवलेली मुलगी, प्रत्येकाच्या ताटलीतली मूद तितकीच नीट उपडी केलेली असे. डाव्या हातातल्या काट्याने भात चमच्यात लोटायचा आणि चमच्याने खायचा, ही थाई पद्धत मला तिथेच जमली. कोणी कोणाकडे बघत नसे. आमच्या गावाकडच्या खाणावळीत एकट्या बाईकडे वळणाऱ्या माना इथे नव्हत्या, आणि त्या नसण्याने जेवणाला किती चव येते ते मला तिथे कळले.

निघायच्या दिवशी सामान बांधण्यात वेळ गेला आणि मी दुकानात पोहोचेपर्यंत दीड वाजून गेला होता. काचेमागचे आकडे रिकामे होते. पा ठोकळ्यावर गरम पाणी ओतून तो खरवडत होती.

“काय मोत लेव, नोंग,” ती म्हणाली. कोंबडी संपली.

मी तिला हातवाऱ्यांनी विमानाची खूण केली. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग भाताच्या भांड्याचे झाकण उचलून आत वाकून बघितले. तळाशी दोन मुदी होतील एवढा भात होता, कडेचा जरा लालसर झालेला. तिने तो सगळा वाटीत दाबून भरला, ताटलीत उपडा केला आणि साराच्या पातेल्यातून कोहळ्याच्या दोन फोडी काढून माझ्यापुढे ठेवल्या. चटणीची वाटी तिने आणली नाही, मीही मागितली नाही. मेजे पुसून झाली होती, बर्फाचा डबा पालथा घातलेला होता, गल्लीत धोब्याच्या इस्त्रीची वाफ येत होती. मी सावकाश, शेवटच्या दाण्यापर्यंत तो भात जेवले. तिने दहा बाट घेतले, उरलेले माझ्या मुठीत परत कोंबले, आणि उद्यासाठी जुन्या तांदळाच्या पोत्याचे तोंड सोडायला वाकली.